सात माणसं, सात कार्डं

उत्तनच्या किनाऱ्यावरची ती प्लॅस्टिकची बरणी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मूळची लोणच्याची असावी. लाल झाकण, आतून लोणचं आणि सुकी मासळी यांचा मिळून एक वास, आणि त्या वासात बसलेली सात माणसं. म्हणजे त्यांची ओळखपत्रं. पण त्या दिवशी माझ्या लेखी ती माणसंच होती.

ही गोष्ट आत्ताच का सांगतोय, ते शेवटी कळेल. पोलिसाला आधी कारण आणि मग हकीकत लिहायची सवय असते. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली, ती बहुधा ही सवय मोडण्यासाठीच. शिवाय अधिकारी कितीही जुना झाला तरी लेखात नावं घालत नाही, तेव्हा इथेही नावं नाहीत.

माझं शेवटचं ठाणं मिरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, समुद्रालगत होतं. हद्दीत मच्छीमारांची गावं, चर्चेस, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा. तिथली तरुण मंडळी आता बँकेत, विमानतळावर किंवा आखातात. मग जाळं ओढायला खलाशी येतात ते झारखंडातून, उत्तर प्रदेशातून, ओडिशातून. हंगामभर बोटीवर राहायचं आणि पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली की घरी जायचं. नियम असा की बोटीवरच्या प्रत्येकाकडे फोटो असलेलं ओळखपत्र हवं. समुद्रात गस्तीची बोट कधीही थांबवून तपासते. नियम चांगला आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते, ते पाहायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मेअखेरचा शनिवार. सकाळी साडेनऊला ठाण्याचा फोन वाजला.

"साब, जेटी पे हरी बोट लगी है. उसमें एक आदमी के पास दूसरे का कार्ड है. बांगलादेशी है वो. जल्दी आओ."

फोन बंद. निनावी फोनांबद्दल माझं एक निरीक्षण आहे. खोटी खबर देणारा ऐसपैस बोलतो, त्याला आपण ऐकत राहावं असं वाटत असतं. खरी खबर देणारा घाईत असतो. हा घाईत होता.

मी, माझे हवालदार आणि दोन शिपाई जेट्टीवर पोचलो. हिरवी बोट नुकतीच लागली होती. आम्हाला पाहताच तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, काही न विचारता केबिनमध्ये हात घातला. मरियामातेच्या तसबिरीखाली टांगलेली ती बरणी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मोजा साहेब. सात."

मी खलाशी मोजले. सात. कार्डं मोजली. सात. तांडेल असा हसला की जणू परीक्षा संपली. मी एकेक कार्ड काढून खलाशांच्या चेहऱ्याशी धरून बघायला लागलो, तसं त्याचं हसू ओसरलं. सहाजण जेमतेम जुळले. सातवा जुळेना. फोटोतल्या माणसाला झुबकेदार मिशी, चेहरा रुंद, कान सुपासारखे बाहेर आलेले. समोर उभा होता तो तिशीचा, किडकिडीत, आणि त्याचे कान डोक्याला घट्ट चिकटलेले.

त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. स्टेशन डायरीला नोंद केली : दहा वाजून वीस मिनिटं. ही वेळ लक्षात ठेवा. चोवीस तासांत एक तर माणसाला सोडायचं, नाहीतर गुन्हा दाखल करून कोर्टापुढे उभं करायचं.

माझ्या टेबलावर ते कार्ड ठेवलं. शेजारच्या टपरीवरचा माणूस चहा घेऊन आला. महिनाभर तोच आणत होता. मेच्या उकाड्यातही डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, कानांवरून खाली हनुवटीपर्यंत. दात दुखतो, असं एकदा म्हणाला होता. त्याने ग्लास कार्डाला जवळजवळ चिकटवून ठेवला. मी रागावून कार्ड बाजूला सरकवलं आणि चौकशी सुरू केली.

"नाव?"

त्याने कार्डावरचं नाव सांगितलं.

"उमर?"

"जो कार्ड में लिखी है, साब."

"त्यात शेहेचाळीस लिहिलंय. तू शेहेचाळीसचा?"

"कार्ड में है तो होगी."

"मिशी?"

"काट दी."

"आणि कान? कान पण कापले?" मी त्याच्याकडे बघत हवालदारांना ऐकू जाईल अशा आवाजात व्याख्यानच दिलं. "लक्षात ठेवा हवालदार, मिशी काढता येते, केस वाढवता येतात, वजन उतरतं. कान मात्र मेल्यावरही बदलत नाहीत. माणूस ओळखायचा तर कानावरून." चहावाला रिकामा ट्रे घेऊन हे सगळं ऐकत उभा होता. मी त्यालाही म्हटलं, "समझा?" तो म्हणाला, "जी साब," आणि रुमाल सारखा करत निघून गेला.

अर्ध्या तासाने ताब्यातल्या माणसाने दुसरं नाव सांगितलं. दुपारी बाराला तिसरं. इतक्या वर्षांच्या नोकरीत दोन तासांत तीन नावं सांगणारा माणूस निर्दोष निघालेला मी पाहिला नव्हता. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "तीन नावं? मग वाट कसली बघतोयस? उद्या सकाळी गुन्हा दाखल कर, हजर कर. परदेशी आहे की नाही ते पुढचे लोक बघतील."

पुढचे लोक म्हणजे काय, ते मला माहीत होतं. कागद इकडून तिकडे जाणार, पडताळणीला माणूस जाणार, उत्तर येणार. महिने. निर्दोष असला तरी महिने.

त्याला रागावण्याऐवजी मी विचारलं, "बंदी लागतेय, आता करणार काय?"

तेव्हा तो पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "बुधवार का टिकट है, साब. लडकी हुई है. सात महिने की हो गई." मोबाइलवरचा फोटो दाखवला. काजळ घातलेली गोल मुलगी. "अभी तक देखी नहीं."

तिकीट तिसऱ्या नावाचं होतं.

झारखंडातल्या त्याच्या गावच्या ठाण्याला फोन लावला. तिकडचे अधिकारी सज्जन होते. म्हणाले, "त्या नावाचा माणूस आमच्याकडे आहे, तिकडे बोटीवर असतो. पण तुमच्यापुढे बसलाय तो तोच कशावरून? फोटो पाठवा. सोमवारी माणूस गावात पाठवून खात्री करतो."

सोमवारी. माझी मुदत रविवारी सकाळी दहा वीसला संपत होती. प्रश्न तर मीही तोच विचारला असता.

एवढ्यात ठाण्याच्या दारात बोटीची मालकीण उभी राहिली. अख्खा कोळीवाडा तिला बाय म्हणायचा, मीही म्हणायला लागलो होतो. साठीची, नवऱ्यामागे दोन बोटी चालवणारी, गळ्यात क्रूस, काखेत पाकीट. खुर्ची न विचारता ओढून ती बसली.

"सायेब, माझा मानूस कशाला धरला?"

"त्याच्याकडे दुसऱ्याचं कार्ड आहे, बाय."

"मग? दुसऱ्याचंच असनार."

मी पेन खाली ठेवला. "म्हणजे?"

"तुम्ही मानसं मोजा. सात हायेत. कार्डं मोजा. सात हायेत. मग भांडन कशाचं?"

आणि मग मला ती पद्धत कळली. मी तिथे दोन वर्षं होतो, पण तोवर मला तिचा पत्ता नव्हता. कार्ड खिशात ठेवलं तर भिजतं, समुद्रात पडतं. म्हणून ते बोटीच्या बरणीत. खलाशी मध्येच गावी गेला तर कार्ड बरणीतच राहतं, कारण कार्ड इथे असलं की माणूस परत येतो, असा मालकांचा विश्वास. त्याच्या जागी नवा खलाशी घेतला की तो त्या कार्डावर समुद्रात जातो. मग त्याचं स्वतःचं कार्ड? ते त्याच्या आधीच्या बोटीच्या बरणीत. तिथे त्यावर तिसराच जातो. गस्तीची बोट आली की डोकी मोजतात, कार्डं मोजतात, जमलं तर पुढे सोडतात. तांडेलाने सगळ्यांना एकच शिकवलेलं : कुणी विचारलं तर बरणीतल्या कार्डावरचं नाव सांगायचं.

म्हणजे हा बिचारा तीन बोटींवरून आला होता आणि तीन नावं इमानदारीत सांगत होता.

"मग खरं नाव आधी का नाही सांगितलंस?" मी त्याच्यावर ओरडलो.

"तांडेल ने बोला था, साब. और आपने भी कार्ड देख के ही पूछा."

"याचं कार्ड कुठंय, बाय?"

"माझ्या दिराच्या बोटीवर."

"आणि ती?"

"समुद्रात हाय. शेवटची फेरी. आज संध्याकाळी येनार, न्हायतर उद्या."

"आणि हा मिशीवाला कोण?"

"तो माझा जुना खलाशी. बाप आजारी पडला म्हनून गेला. मागं आला व्हता, पन जागा न्हवती. कुठं गेला, देव जाने."

मी ठरवलं की आता अख्ख्या जेट्टीच्या बरण्या उघडायच्या. बायने गावात निरोप फिरवला. चार वाजता लिलावाच्या छपरीत, जिथे रोज मासळीचे ढीग लागतात, तिथे बर्फाच्या पेट्यांवर अकरा बरण्या, दोन बिस्किटांचे डबे आणि एक प्रेशर कुकर येऊन बसले. समोर साठ-सत्तर खलाशी. मी सूचना द्यायला उभा राहिलो, तर बाय म्हणाली, "तुम्ही बसा. तुमचा आवाज न्हाय जायचा." आणि ती पेटीवर चढली.

पापलेटाचा लिलाव करावा तसा तिने कार्डांचा लिलाव केला.

"हा बघा, हा नाकाचा! नाकवाला कोन? लवकर बोला!"

"मेरा है बाय, मेरा!"

"तोंड दाखव. हां, नाक हाय. घे. हा दुसरा, डोळं झाकलेला! फोटो काढताना झोपला कोन?"

छपरीत हशा. आपलं कार्ड हातात आलं की माणसं ते उलटसुलट करून बघत होती. एकजण दोन वर्षांनी स्वतःच्या फोटोला भेटत होता. दुसरा कार्ड घेऊन म्हणाला, "अरे, मैं तो मोटा था!" माझे हवालदार वहीत टिकमार्क करत होते आणि हसू दाबत होते. मी दाबत नव्हतो. खरं सांगायचं तर नोकरीतली ती माझी सगळ्यात सुखाची दुपार होती.

तासाभरात सगळ्यांची वाटणी झाली. उरला एकच माणूस, ज्याला कार्ड नव्हतं, आणि एकच कार्ड, ज्याला माणूस नव्हता. माणूस माझ्या ताब्यात होता आणि कार्ड माझ्या टेबलावर. दिराची बोट संध्याकाळी आली नाही.

रविवारी सकाळी मी आठलाच ठाण्यात होतो. गुन्ह्याचा मसुदा तयार होता, सही बाकी होती. ताब्यातल्या माणसाला चहा आणि बनपाव मिळाला होता. हवालदार म्हणाले, "चहावाल्यानं आणून दिला, कालही दिला होता. आपण सांगितलं नव्हतं." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. चांगल्या पोलिसाने अशी गोष्ट सोडू नये.

नऊला चर्चची घंटा झाली. साडेनऊ वाजले. तो माणूस घड्याळाकडे बघत नव्हता, माझ्या पेनाकडे बघत होता. मी पेन खिशात ठेवला, तेवढाच त्याला दिलासा.

नऊ पन्नासला रिक्षा थांबल्याचा आवाज आला. बाय चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेसाठी नेसलेल्या चांगल्या साडीत, पायात चपला नाहीत, पदराखाली बरणी. ही निळ्या झाकणाची.

"आता लागली बोट. मी मिस्सातून उठून आली, फादर बघत राहिला. उघडा!"

कार्डं टेबलावर ओतली. पाचवं त्याचं होतं. तिसरं नाव, तेच गाव, तोच किडकिडीत चेहरा आणि डोक्याला चिकटलेले कान. कार्डाशिवाय न चालणाऱ्या आमच्या ठशांच्या यंत्रावर ते लावलं, त्याचा अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. मी मसुदा फाडला. त्याने कार्ड शर्टाच्या खिशात घातलं आणि वरून हात दाबून धरला, छातीत दुखतंय अशा माणसासारखा.

त्याच क्षणी चहा आला. चहावाल्याने ट्रे ठेवला. बायने ग्लास उचलला, वर बघितलं, आणि ग्लास परत खाली ठेवला.

"काय रं? तू हितं? मिशी कुठं गेली?"

चहावाला दाराकडे वळला. बाय उठली आणि तिने त्याचा रुमाल मागून ओढला. सुपासारखे दोन कान बाहेर आले.

मग हवालदार अगदी अदबीने म्हणाले, "साहेब, माणूस ओळखायचा तर कानावरून."

चहावाल्याने सगळं सांगितलं. गावाहून परतला तेव्हा त्याचं कार्ड बोटीवर, बोट समुद्रात, जागेवर दुसरा. बोट परतली तरी त्या कार्डावर दुसरा जातो म्हणून तांडेलाने ते दिलं नाही. कार्ड नाही म्हणून दुसरी कुठली बोट घेईना. टपरीवाल्याने मात्र कार्ड मागितलं नाही. ठाण्यात कुणी ओळखून ते मागू नये म्हणून त्याने मिशी काढली आणि कानांवर रुमाल बांधला.

"तो फोन तू केलास?"

"जी साब."

"आणि तो बांगलादेशी आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"किसी ने नहीं. पहले मैं यहीं आया था, कार्ड गुम हो गया बोलने. वो साब बोले, पहले अपना कार्ड दिखाओ, फिर कंप्लेंट लिखेंगे." त्याने ज्या शिपायाकडे बोट दाखवलं, तो छताकडे बघायला लागला. "सिर्फ कार्ड के लिए बोलता तो आप जेटी पे आते क्या? मैंने सोचा, पुलिस कार्ड पकडेगी, कार्ड थाने में आएगा. थाने में तो मैं रोज आता हूँ."

आणि खरंच, ते कार्ड एक दिवस आणि एक रात्र माझ्या टेबलावर पडून होतं, तो त्याच्या शेजारी ग्लास ठेवत होता आणि त्याला हात लावायचं त्याचं धाडस झालं नव्हतं. आपल्या एका शब्दाने दुसरा माणूस कुठे जाणार आहे हे कळल्यावर त्याने काय केलं? बनपाव आणून दिला. त्याला मी चांगलं झापलं, आणि झापताना माझा आवाज मलाच फारसा पटत नव्हता. महिनाभर जो माणूस दिवसातून चार वेळा माझ्या हाताशी उभा राहत होता, त्याचा फोटो पुढ्यात ठेवून मी त्यालाच कानांवर व्याख्यान दिलं होतं.

गुन्हा दाखल झाला नाही. कायद्याची काटेकोर मोजपट्टी लावली तर कुणी मला दोष देईल, देऊ दे. तांडेलाला लेखी समज दिली. पुढच्या हंगामापासून प्रत्येक खलाशाच्या गळ्यात पाणी न शिरणारी पिशवी आली आणि तिच्यात त्याचं स्वतःचं कार्ड. पहिल्याच तपासणीला मी गेलो. सातच्या सात बरोबर निघाले. चुकला तो तांडेल, तो आपलं कार्ड घरी विसरला होता.

लोक मला विचारतात, प्रत्येकाला ओळखपत्र जवळ बाळगायची सक्ती असावी का? माझं उत्तर सरळ आहे : असावी. इथला असो, बाहेरून आलेला असो. त्या रविवारी कार्डामुळेच एक माणूस सुटला. बायच्या शब्दावर मी त्याला सोडू शकलो नसतो. पण कार्ड ज्याचं त्याच्याच खिशात असावं, मालकाच्या बरणीत नाही. आणि ते मागणाऱ्याने आधी मान वर करून समोरचा चेहरा बघावा. मी चोवीस तास कार्डाकडे बघत होतो, बायने एकदा माणसाकडे बघितलं.

आता ही गोष्ट आजच का, ते. गेल्या महिन्यात भाईंदरच्या जेसल पार्कला आमच्या सोसायटीची सभा झाली. ठराव असा की आत येणाऱ्या प्रत्येक 'बाहेरच्या' माणसाने, म्हणजे कामवाल्या बाया, इस्त्रीवाला, भाडेकरू, सगळ्यांनी गळ्यात ओळखपत्र घालावं. मला अनुभवी म्हणून बोलायला लावलं. मी पाठिंबा दिला. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मी म्हटलं, "आत्ता ज्यांच्या खिशात आपलं कार्ड आहे, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, आपण तर घरचेच ना!" दारात उभ्या असलेल्या वॉचमनने मात्र गळ्यातलं कार्ड काढून वर धरलं.

मी तावातावाने घरी आलो. "माझं कार्ड कुठंय?"

"डब्यात," बायको म्हणाली. "सगळ्यांची एकत्र ठेवलीत. खिशातून हरवतात."

डबा काढला, कार्ड काढलं, खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून येताना गेटवर थांबलो आणि वॉचमनला म्हटलं, "आजपासून माझंही बघायचं. नियम म्हणजे नियम." त्याने कार्ड घेतलं, बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरत परत दिलं.

"साहेब, हे तर मॅडमचं आहे."

मी काही बोलायच्या आत त्याने गेट उघडलं.

"जाऊ द्या ना साहेब, मी ओळखतो तुम्हाला."